सम्मेदशिखरजी : हिवाळ्याच्या उंबरठ्यावरची पर्वतवंदना

दीपावलीला वहीपूजन होते, लाभपंचमीच्या मुहूर्तावर अनेक घराण्यांत दुकान पुन्हा उघडते आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर व्यवहाराची नोंद पडते. पावसाळा सरलेला असतो. शरदाचे ऊन मऊ होत जाते आणि पहाटेच्या गारव्याला रोज थोडी अधिक धार चढते. व्यापारी कुटुंबांत याच पंधरवड्यात एक प्रश्न हमखास निघतो : यंदा यात्रा कोठे? चार महिने एका ठिकाणी स्थिर राहिलेले साधू-साध्वी विहाराला निघतात आणि त्यांच्यामागोमाग श्रावक-श्राविकांची पावलेही डोंगरांकडे वळतात.

हा योग केवळ सोयीचा नाही. दिगंबर परंपरेत दीपावलीच्या सुमारास वर्षायोगाची समाप्ती होते, तर श्वेतांबर परंपरेत कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो. श्वेतांबर आचारात वर्षाचे तीन चौमासी भाग आहेत आणि कार्तिकी पौर्णिमा ही पावसाळा व हिवाळा यांच्यामधील सीमारेषा आहे. उकळलेल्या पाण्याची काळमर्यादासुद्धा या दिवसानंतर बदलते. पावसाळ्यात ती तीन प्रहरांची असते, हिवाळ्यात चार प्रहरांची होते. चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा याच पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. गिरनारभोवतीची सुमारे ३६ किलोमीटरची लीली परिक्रमाही कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत चालते.

पावसाळ्यात न चालण्यामागे जीवदयेचा विचार आहे. ओल्या भूमीवर गवत, शेवाळ आणि असंख्य सूक्ष्म जीव पसरलेले असतात व पाऊल टाकणे म्हणजे त्यांची हिंसा. परंतु हाच नियम चालणाऱ्याचेही रक्षण करतो. शेवाळलेल्या पायऱ्या, धुक्यात हरवलेली वाट, भरून वाहणारे नाले आणि सुटलेल्या दरडी यांपासून तो दूर राहतो. पूर्वजांनी चालण्याचे जे नियम घालून दिले, ते जिवांना जपतात आणि चालणाऱ्यालाही जपतात. सम्मेदशिखरजीची वंदना करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे सूत्र ध्यानी घ्यावे असे आहे, कारण हा पहाड घाई करणाऱ्याला सवलत देत नाही.

नऊ, नऊ आणि नऊ

झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातील पारसनाथ पहाड हे त्या राज्यातील सर्वोच्च शिखर असून त्याची उंची सुमारे १,३६५ मीटर, म्हणजे सुमारे ४,४८० फूट आहे. चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तीर्थंकर येथून मोक्षास गेले. उरलेल्या चारांपैकी ऋषभदेवांचे निर्वाण अष्टापदावर, वासुपूज्यांचे चंपापुरीस, नेमिनाथांचे गिरनारवर आणि महावीरस्वामींचे पावापुरीस झाले. त्यामुळे दोन्ही परंपरांना हे क्षेत्र सारखेच वंदनीय आहे. गया-धनबाद लोहमार्गावरील पारसनाथ स्थानकावर उतरून यात्रेकरू पायथ्याच्या मधुबनास पोहोचतात. धर्मशाळा, मंदिरे आणि भोजनशाळा तेथेच आहेत.

वंदनेचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाक्यात सांगितला जातो : नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर पहाडावरची टोंकवंदना आणि नऊ किलोमीटर उतार. एकूण २७ किलोमीटर. वाटेत गंधर्व नाला आणि शीतल नाला लागतो. पुढे गौतमस्वामींच्या टोंकेपाशी चढाचा मोठा भाग संपतो. तेथून एका बाजूस दूरवर चंद्रप्रभूंची टोंक आहे. तिकडून परतून जलमंदिराच्या वाटेने दुसऱ्या बाजूस पार्श्वनाथांची टोंक येते आणि तीच सर्वांत उंच आहे. माथ्यावरची वाट सपाट नाही. प्रत्येक टोंकेसाठी चढावे आणि उतरावे लागते. मधल्या नऊ किलोमीटरांना लोक ‘वरचे फिरणे’ समजतात, पण दमलेल्या पायांची खरी परीक्षा तेथेच होते.

महाराष्ट्रातील वाचकाला हा आकडा परिचित मापात सांगायचा तर असा : पुण्याच्या सिंहगडाची आतकरवाडीकडून होणारी चढाई सुमारे सहाशे मीटरची आहे. मधुबनापासून पार्श्वनाथ टोंकेपर्यंतची उंची सुमारे एक हजार मीटर भरते. म्हणजे दीड सिंहगड चढायचा, माथ्यावर आणखी नऊ किलोमीटर चालायचे आणि तितकेच पुन्हा उतरायचे. बहुतेक यात्रेकरूंना यासाठी दहा ते बारा तास लागतात. वर्षभर गादीवर किंवा गल्ल्यापाशी बसणाऱ्या, दुकानातून घरी दुचाकीने जाणाऱ्या शरीराला हे बारा तास एकाएकी मागणे म्हणजे पुरेशी शिल्लक नसताना मोठ्या रकमेचा धनादेश काढण्यासारखे आहे.

तयारीची शिल्लक

ही शिल्लक जमा करण्यास दोन ते तीन महिने पुरतात. रोज सकाळी पाऊण तासाची चाल, आठवड्यातून तीन वेळा जिने चढणे-उतरणे आणि दर रविवारी त्याहून लांब चाल, इतका साधा क्रम ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. चातुर्मासात दूरचा प्रवास टाळणाऱ्या कुटुंबांनाही घराच्या जिन्यावर आणि मंदिराच्या वाटेवर हे साधता येते. दीपावलीनंतर एखाद्या जवळच्या क्षेत्रावर रंगीत तालीम करावी. नाशिकचे गजपंथा, कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजचा बाहुबली डोंगर ही सुरुवातीची ठिकाणे. बागलाण तालुक्यातील मांगी-तुंगी हे त्याहून खडतर. मांगी-तुंगीच्या पायऱ्या चढून-उतरून दुसऱ्या दिवशी ज्याचे गुडघे आणि मांड्या सुस्थितीत आहेत, त्याने शिखरजीचा विचार निःशंकपणे करावा.

उतरण्याचा सराव विशेष महत्त्वाचा आहे. चढताना दम लागतो, म्हणून लोक चढाला भितात. गुडघे मात्र उतरताना दुखावतात, कारण प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार त्यांच्यावर आदळतो आणि मांडीच्या स्नायूंना तो सावरून धरावा लागतो. मधुबनात मिळणारी बांबूची काठी ही म्हातारपणाची खूण मानू नये. तरुणांनीही ती घ्यावी. ती उतरताना गुडघ्यांवरचा काही भार स्वतःकडे घेते. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाने आरक्षण करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करावी. तिकिटे काढून झाल्यावर केलेली तपासणी बहुधा मनाला हवे तेच उत्तर शोधत असते.

सूर्य लवकर मावळतो

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची एक चूक फार सामान्य आहे. ते घड्याळ सोबत नेतात, पण सूर्याचा हिशेब घरीच विसरतात. भारतभर घड्याळ एक असले तरी सूर्य एक नाही. पारसनाथ मुंबईहून सुमारे तेरा रेखांश पूर्वेला आहे आणि एका रेखांशास चार मिनिटे या हिशेबाने हा फरक जवळजवळ पाऊण तासाहून अधिक होतो. शिवाय ते उत्तरेलाही असल्याने हिवाळ्यातील दिवस तेथे थोडा लहान असतो. नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर पारसनाथला पाचच्या सुमारास. डोंगराच्या सावलीतील वाटेवर त्याआधीच अंधारून येते. ‘अजून चारच वाजले आहेत’ हे वाक्य मुंबईत निर्धास्त असते, शीतल नाल्यापाशी ते धोक्याचे असते.

पहाटे दोन-तीन वाजता निघण्याची प्रथा या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी. उन्हाळ्यात ती उष्णतेपासून वाचवते. हिवाळ्यात तिचा उपयोग निराळा आहे. अंधारात चालणे अटळच असेल, तर ते चढताना असावे. त्या वेळी पाय ताजे असतात, मन सावध असते आणि वेग मंद असतो. दमलेल्या पायांनी अंधारात उतरणे हा याच्या नेमका उलट प्रकार आहे. भराभर चालणाऱ्या तरुणांना पहाटे चार-पाचला निघूनही दिवसाउजेडी परतता येते. सावकाश चालणाऱ्यांनी मात्र तीनच्या सुमारास निघावे, कपाळावर बांधायची विजेरी प्रत्येकाजवळ स्वतंत्र असावी आणि कोणीही एकटे मागे राहू नये.

उपवास आणि शरीराचा हिशेब

अनेक यात्रेकरू पहाडावर काही खात नाहीत व काहीजण पाणीही घेत नाहीत. ही परंपरा आदरणीयच आहे. परंतु तिचे तास एकदा कागदावर मांडून पाहावेत. सूर्यास्तापूर्वीचे शेवटचे भोजन पावणेपाचला झाले, पहाटे तीनला प्रस्थान झाले आणि दुपारी तीनला मधुबनात परत येणे झाले, तर शेवटच्या घासापासून बावीस तास उलटलेले असतात. त्यांतील बारा तास पर्वतावर चालण्यात गेलेले असतात. घरी बसून केलेला उपवास आणि हा उपवास यांत फार अंतर आहे. पर्युषणात अठ्ठाई केलेल्या व्यक्तीलाही पहाडावरचा एक दिवस जड जाऊ शकतो.

मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत ही केवळ थकव्याची बाब राहत नाही. औषध घेतले आणि अन्न घेतले नाही, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ होणे ही तिची लक्षणे आहेत आणि चढाच्या दमात ती ओळखू येत नाहीत. अशा व्यक्तीने औषधाची मात्रा व वेळ आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, साखर जवळ ठेवावी आणि सोबतच्या माणसाला ही लक्षणे सांगून ठेवावीत.

येथे काही श्रावकांच्या मनात नियमभंगाची शंका येते. तिचे उत्तर परंपरेतच आहे. पच्चक्खाणाच्या विधीत ‘आगार’, म्हणजे अपवाद, आधीपासूनच अंतर्भूत केलेले आहेत आणि शरीरपीडेमुळे समाधी भंग पावत असेल तेव्हा औषधोपचाराची मोकळीक देणारा आगार त्यांत आहे. ज्यांनी नियम घडवले त्यांना मनुष्यदेहाची मर्यादा ठाऊक होती. नियम घेण्यापूर्वी गुरुमहाराजांशी मोकळेपणाने बोलून कोणते पच्चक्खाण आपल्या शरीराला झेपेल हे ठरवणे, हाही विवेकच होय.

चार हात जमीन पाहून

पाच समितींपैकी पहिली ईर्यासमिती. पुढची सुमारे चार हात जमीन पाहत, जिवांना जपत, सावधपणे चालणे हा साधूंचा आचार. श्रावकाने पहाडावर तो एका दिवसापुरता स्वीकारला, तरी त्याचा लाभ तत्काळ दिसतो. घसरणे, ठेच लागणे, पाय मुरगळणे हे प्रकार बहुतेक वेळा नजर वाटेवरून सुटल्यावरच घडतात. कोणी मागे वळून बोलत असतो, कोणी चालता चालता मोबाइलवर छायाचित्र घेत असतो. दृश्य पाहायचे तर थांबून पाहावे, चालायचे तर वाट पाहावी. विहार करणाऱ्या साध्वीजींची चाल कधी लक्षपूर्वक पाहिली, तर ही शिस्त न सांगता कळते.

दुसरी भाषासमिती. तिचाही पहाडावर उपयोग आहे. चढताना वेग किती असावा, याचे सर्वांत सोपे माप म्हणजे नवकार मंत्र मध्ये दम न लागता म्हणता यावा. मंत्र तुटू लागला की वेग शरीराच्या ऐपतीपेक्षा अधिक झाला असे समजावे आणि पावले लहान करावीत. पहिल्या तासात इतरांना मागे टाकणारे अनेक जण पुढे वाटेकडेला बसलेले दिसतात. एकसारख्या मंद गतीने जाणारी आजी त्यांना ओलांडून पुढे जाते.

थोडे सामान, थरांचे कपडे

अपरिग्रहाचा पाठ खांद्याला सर्वांत लवकर कळतो. विजेरी, गरजेचे पाणी, औषधे, एक गरम थर, एक वारारोधक जाकीट आणि पूजेचे मोजके साहित्य यापलीकडे फारसे काही लागत नाही. डोंगरावर दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. मधुबनात पहाटे दहा अंश असतील, तर माथ्यावर चारच्या आसपास समजावेत आणि वर वारा वेगळा. सर्वांत घातक ठरतो तो घाम. चढताना अंगातील सुती कपडे घामाने भिजतात आणि माथ्यावर थांबताच तेच कपडे अंगातील ऊब ओढून घेतात. म्हणून चढताना जरा गारच वाटावे इतके कमी कपडे घालावेत, थांबल्यावर लगेच वरचा थर चढवावा आणि आतला कोरडा सदरा सोबत असू द्यावा. लोकर वर्ज्य मानणाऱ्यांसाठी कृत्रिम धाग्याचे उबदार कपडे सहज मिळतात.

अनवाणी वंदनेचा संकल्प असलेल्यांनी आधी काही आठवडे खडबडीत जमिनीवर अनवाणी चालण्याचा सराव करावा. हिवाळ्यात टाचांना भेगा असतात, पहाटेचा दगड बर्फासारखा लागतो आणि बधिर तळव्याला झालेली जखम लगेच कळत नाही. मधुमेहींनी हा संकल्प वैद्यकीय सल्ल्याविना मुळीच करू नये.

डोली आणि मागे फिरणे

डोलीत बसणे कमीपणाचे मानून जीव धोक्यात घालणारे ज्येष्ठ दर हंगामात दिसतात. घरातील कोणीतरी सहज बोलून जातो, ‘बाबा, तुम्ही तर चालत जाल ना?’ आणि बाबांना ‘नाही’ म्हणता येत नाही. याच्या उलट, धडधाकट देहाने केवळ सोय म्हणून दुसऱ्याच्या खांद्यावर बसणेही विचार करायला लावणारे आहे. जेथे खरी गरज आहे तेथे डोली निःसंकोच घ्यावी. डोलीचा दर वजनावर ठरतो. तो आधी नीट ठरवावा आणि वर पोहोचल्यावर घासाघीस करू नये. डोली वाहणारी माणसे त्याच परिसरातील कष्टकरी आहेत. पहाटेच्या थंडीत दुसऱ्याचा भार घेऊन एक हजार मीटर चढणाऱ्याच्या मजुरीतून वाचवलेले पन्नास-शंभर रुपये कोणत्याही वहीत नफ्याच्या बाजूला शोभत नाहीत.

सर्वांत अवघड निर्णय मात्र मागे फिरण्याचा. गिर्यारोहक एक वेळ ठरवून निघतात. ती वेळ झाली की शिखर समोर दिसत असले तरी परततात. शिखरजीवर असा बांध सहज घालता येतो. सकाळी दहापर्यंत गौतमस्वामींच्या टोंकेपाशी पोहोचलो नाही, तर चंद्रप्रभूंच्या टोंकेला तेथूनच वंदन करून पार्श्वनाथांकडे वळायचे. दुपारी एक वाजला, की जेथे असू तेथून उतरायचे. छातीत दुखणे, असामान्य धाप किंवा भोवळ आली, तर वेळ न पाहता थांबायचे आणि मदत मागायची. हे सारे आदल्या संध्याकाळी, संपूर्ण कुटुंबासमोर ठरवावे. वाटेत ठरवू पाहणाऱ्याला ‘इतके आलो आहोत, थोडेच राहिले’ हा मोह आवरत नाही.

वंदना अपुरी राहिली, ही खंत अशा वेळी साहजिक आहे. परंतु जैन विचारात क्रियेबरोबर भावाला स्थान आहे. तळेटीवरून पहाडाला हात जोडणाऱ्या वृद्धेची भाववंदना परंपरेने कधी खोटी मानली नाही. पहाड पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे. घरातील माणूसही असावा, इतकेच पाहायचे.

पहाडाचेही ऋण

हा पहाड यात्रेकरूंनाच जपतो असे नाही. तो पारसनाथ वन्यजीव अभयारण्याचा भाग आहे. २ ऑगस्ट २०१९ रोजी त्याभोवती पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र घोषित झाले. त्या अधिसूचनेतील पर्यटनविषयक तरतुदींमुळे तीर्थाचे पावित्र्य बाधित होईल, या चिंतेने देशभरातील जैन समाज रस्त्यावर उतरला आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने त्या तरतुदींची अंमलबजावणी थांबवली. देखरेख समितीत जैन समाजाचे दोन आणि स्थानिक आदिवासी समाजाचा एक सदस्य घ्यावा, असेही तेव्हा सांगण्यात आले. संथाळ समाजासाठी हाच डोंगर ‘मरांग बुरू’, म्हणजे थोर पर्वत, आहे. त्याच वाटेवर त्यांची श्रद्धाही नांदते, याची जाण यात्रेकरूच्या बोलण्या-वागण्यात असावी.

तीर्थ पर्यटनस्थळ होऊ नये, ही मागणी सरकारकडे करणाऱ्या समाजाने ती स्वतःकडेही करायला हवी. वेफर्सची रिकामी पाकिटे, पाण्याच्या बाटल्या आणि मोठ्याने वाजणारी गाणी पहाडावर सरकारी अधिसूचनेने येत नाहीत. ती पिशव्यांतून आणि खिशांतून येतात. जेवढे वर नेले तेवढे खाली आणावे, हा नियम प्रत्येक कुटुंबाने लहान मुलांच्या हाती सोपवावा. मुले तो मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात.

यंदा ज्या घरांत शिखरजीचे बेत आखले जात आहेत, त्यांनी तिकिटांच्या यादीशेजारी आणखी एक यादी करावी : कोण कोठपर्यंत चालणार, कोणासाठी डोली, कोणाचे कोणते पच्चक्खाण, कोण कोणाच्या सोबत आणि किती वाजता सर्वांनी उतरू लागायचे. ही यादी घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने मोठ्याने वाचावी आणि सर्वांत तरुणाने खिशात ठेवावी.